निवडून आलेल्यांचे प्रमाणपत्र आणि मानधन

निवडणूक म्हटली की ध्वनिक्षेपक लावलेल्या रिक्षा, भिंतींवरची पत्रके, मतदानाची रांग आणि निकालाच्या दिवशीचा गुलाल आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही ही हकीकत बहुधा मतमोजणीपाशी संपते. वास्तविक निवडून आलेल्या माणसाचे सार्वजनिक काम तेथून पुढे सुरू व्हावयाचे असते आणि त्याच्या आरंभीच दोन साधे प्रश्न उभे राहतात. हा मनुष्य निवडून आला, असे अधिकृतपणे कोण सांगतो ? आणि तो जे काम करणार, त्याबद्दल त्याला काय मिळावे हे कोण ठरवितो ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे प्रमाणपत्र आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे मानधन. दोन्ही गोष्टी कोरड्या, कचेरीतल्या कागदांच्या वाटतात. परंतु आपल्या प्रभागात गटार केव्हा दुरुस्त होईल आणि गावच्या पंचायतीत मजुरी करणारी बाई बसू शकेल की नाही, हे पुष्कळ अंशी या दोन कागदांवर अवलंबून असते. म्हणून त्यांचा थोडा विचार करू.

जिल्ह्यात निवडून येतो कोण ?

अमेरिकेत जिल्ह्याला काउंटी म्हणतात. तेथे सुमारे तीन हजार काउंट्या आहेत. त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी पोलिसप्रमुख म्हणजे शेरीफ, दप्तर सांभाळणारा क्लार्क, खजिनदार, मालमत्तेची आकारणी करणारा असेसर, यांतील अनेक अधिकारी मतदार स्वतः निवडतात. आपल्याकडची रचना वेगळी आहे. धारवाडचे जिल्हाधिकारी किंवा पोलिस अधीक्षक मतपेटीतून येत नाहीत. ते स्पर्धा परीक्षेतून किंवा बढतीने येतात, त्यांना वेतनश्रेणी असते आणि त्यांची बदली होते. आपण निवडतो ते सदस्य : ग्रामपंचायतीचे, तालुका पंचायतीचे, जिल्हा पंचायतीचे आणि शहरात नगरसेवक. रायापूर हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या हद्दीत येत असल्यामुळे येथील मतदार नगरसेवक निवडतो, तर कलघटगी किंवा कुंदगोळ तालुक्याच्या खेड्यातून येथे शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरची मंडळी पंचायतीसाठी मत देतात.

ही व्यवस्था एका दिवसात आलेली नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. १९८३ च्या कायद्यानुसार कर्नाटकात जानेवारी १९८७ मध्ये जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या व्यवस्थेत स्त्रियांसाठी २५ टक्के जागा राखीव होत्या आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता. या रचनेमागे अब्दुल नजीरसाब या मंत्र्यांची तळमळ होती. १९९३ मध्ये राज्यघटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती अंमलात आली, त्याच वर्षी कर्नाटकाचा सध्याचा पंचायत राज कायदा झाला आणि राज्य निवडणूक आयोग ही स्वतंत्र घटनात्मक यंत्रणा निर्माण झाली.

प्रमाणपत्र कसे तयार होते ?

ग्रामपंचायतीचे उदाहरण घेऊ. कर्नाटकात या निवडणुका पक्षचिन्हांवर लढविल्या जात नाहीत. २०२० साली २२ आणि २७ डिसेंबरला मतदान झाले आणि ३० डिसेंबरला तालुक्याच्या ठिकाणी मोजणी झाली. मोजणीच्या टेबलाशी उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. जेथे मतपत्रिका वापरतात तेथे प्रथम बाद मते बाजूला निघतात. शिक्का नसलेली, दोघांच्या नावावर शिक्का असलेली किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण असलेली मतपत्रिका बाद ठरते. बेरीज झाली की ती वाचून दाखवितात. कोणाला शंका असेल तर त्याने फेरमोजणीची मागणी त्याच वेळी, निकाल जाहीर होण्यापूर्वी करावयाची असते. निवडणूक निर्णय अधिकारी ती कारणे देऊन मान्य किंवा अमान्य करतो.

दोघांना सारखी मते पडली तर चिठ्ठी टाकतात. हा प्रकार गमतीचा वाटला तरी कायद्यात त्याला पूर्ण मान आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याला एक मत जास्त पडले, असे धरतात. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल याच रीतीने लागला होता.

यानंतर निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो आणि विजयी उमेदवाराला सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र देतो. या घोषणेला फार महत्त्व आहे. ती होईपर्यंत बेरजेतील चूक अधिकाऱ्याला सुधारता येते. ती झाली की विषय त्याच्या हातातून सुटतो. पुढे कोणाची तक्रार असेल तर तिला एकच वाट उरते, ती म्हणजे निवडणूक याचिका. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या बाबतीत ती निकालापासून ३० दिवसांच्या आत न्यायालयात दाखल करावी लागते. राज्यघटनेच्या २४३-ओ या अनुच्छेदानुसार पंचायतीच्या निवडणुकीला अन्य कोणत्याही मार्गाने आव्हान देता येत नाही. ही मर्यादा कडक वाटेल, पण तिच्यामागे शहाणपण आहे. पराभूत मनुष्य पाच वर्षे ठिकठिकाणी अर्ज करीत राहिला असता तर कोणतीही पंचायत निर्धास्तपणे काम करू शकली नसती.

म्हणजे प्रमाणपत्र ही अधिकाऱ्याने विजयी उमेदवारावर केलेली मेहरबानी नव्हे. मतदारांनी जे ठरविले त्याची ती केवळ पोच आहे. हे तत्त्व जेथे विसरले जाते तेथे काय होते, हे अमेरिकेच्या अलीकडच्या अनुभवावरून दिसते. तेथे काउंटीची मते तपासून निकालावर शिक्कामोर्तब करण्याचे काम स्थानिक मंडळाकडे असते आणि त्या मंडळावर बऱ्याच ठिकाणी पक्षांचीच माणसे असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत आहे, तेथील चार सदस्यांच्या मंडळात दोन विरुद्ध दोन अशी मते पडली आणि निकाल काही तास अडकला. नंतर त्याच रात्री तो मंजूर झाला. जून २०२२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील ओटेरो काउंटीच्या आयुक्तांनी प्राथमिक निवडणुकीच्या निकालाला मान्यता देण्याचे नाकारले. तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला आज्ञा काढावी लागली. सही करणाऱ्याला मोजणी पटली नाही तर न्यायालयात जाता येते. सही अडवून धरण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो.

प्रमाणपत्र मिळाले, आसन मिळाले नाही

आपल्याकडे सही सहसा अडत नाही. आपल्याकडे अडते ते पुढचे पाऊल, आणि याचे ठळक उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. पुढची निवडणूक व्हावयास ३ सप्टेंबर २०२१ उजाडले. ६ सप्टेंबरला ८२ प्रभागांचे निकाल लागले : भारतीय जनता पक्ष ३९, काँग्रेस ३३, एमआयएम ३, जनता दल (धर्मनिरपेक्ष) १ आणि अपक्ष ६. म्हणजे ८२ नगरसेवक निवडून आले. परंतु महापौर व उपमहापौर यांच्या आरक्षणाचा आणि त्यांच्या निवडणुकीचा प्रश्न सुटून पहिली सभा भरण्यास २८ मे २०२२ ची तारीख आली. त्या दिवशी ईरेश अंचटगेरी महापौर झाले. निकालापासून पहिल्या सभेपर्यंत २६४ दिवस गेले.

बेळगावात तर याहून अधिक विलंब झाला. तेथेही त्याच सप्टेंबर २०२१ मध्ये ५८ प्रभागांतून नगरसेवक निवडून आले आणि महापौरांची निवड ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. म्हणजे बरोबर सतरा महिन्यांनी !

या मधल्या काळात निवडून आलेल्या माणसाची स्थिती विचित्र असते. प्रभागातील लोक त्याच्या दारी येतात, कारण त्यांनी त्याला मत दिलेले असते. त्याला मात्र सभा नाही, ठराव मांडता येत नाही, समिती नाही. कारभार शासनाने नेमलेला प्रशासक पाहतो. पद सुरू झाले नाही, म्हणून मानधनाचा हिशेबही सुरू होत नाही. राज्यघटनेने सभागृहाची मुदत पहिल्या सभेच्या नियोजित तारखेपासून पाच वर्षे ठरविली आहे. त्यामुळे नगरसेवकाची पाच वर्षे कमी होत नाहीत. कमी होतो तो नागरिकाचा काळ. मार्च २०१९ ते मे २०२२ अशी तीन वर्षांहून अधिक मुदत या जोडशहराच्या नागरिकाने कर भरला, परंतु तो कर कोठे खर्च व्हावा हे सभागृहात विचारणारा त्याचा प्रतिनिधी नव्हता.

जिल्हा आणि तालुका पंचायतींची गत आणखी शोचनीय झाली. कर्नाटकातील या संस्थांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि मतदारसंघांची पुनर्रचना, आरक्षण व न्यायालयीन वाद यांत पुढची चार वर्षे निवडणुकीविना गेली. महाराष्ट्रातही २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा व महानगरपालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या असे बजावले, तिच्याच राज्यात हे घडले, याची नोंद राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने करून ठेवावी.

महाराष्ट्रात प्रमाणपत्राला दुसरे एक प्रमाणपत्र जोडावे लागते. राखीव जागेवरून निवडून आलेल्याने आपल्या जातीच्या दाखल्याची पडताळणी समितीकडून करून घेऊन ते वैधता प्रमाणपत्र ठराविक मुदतीत सादर करावयाचे असते. ही मुदत पाळणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले तेव्हा कोल्हापूरच्या अनेक नगरसेवकांची पदे धोक्यात आली. पुढे कायद्यात दुरुस्ती करून मुदत वाढविण्यात आली. खोट्या दाखल्यांना आळा बसला पाहिजे, यात शंका नाही. तथापि समितीकडे कागद पडून राहिल्यामुळे खऱ्या दाखल्याच्या माणसाचे पद जावे, हेही न्यायाला धरून नाही.

पगार की मानधन ?

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. मराठीत आपण मानधन म्हणतो, कन्नडमध्ये गौरवधन म्हणतात. दोन्ही शब्दांचा भाव एकच आहे : हे कामाचे मोल नसून केलेल्या सेवेचा सन्मान आहे. पगार हा शब्द धारवाडकडच्या कन्नड बोलीतही रुळला आहे, पण सदस्याच्या बाबतीत तो कोणी वापरीत नाही.

या भावनेला इतिहास आहे. ब्रिटिश अमदानीत स्थानिक बोर्डावर बसणारे बिनसरकारी सभासद जमीनदार, वकील, व्यापारी अशा वर्गांतून येत. मताचा हक्कच मुळी मिळकत आणि कर यांवर अवलंबून होता. अशा सभासदाला मोबदल्याची गरज नव्हती आणि फुकट काम करणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. खुद्द इंग्लंडमध्येही हीच रीत होती. तेथील कामगारवर्गाच्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ सालीच पार्लमेंटच्या सभासदांना वेतन द्या अशी मागणी केली होती. ती मान्य होण्यास १९११ साल उजाडले आणि तेव्हा वर्षाला ४०० पौंड मिळू लागले. मागणीमागचे कारण सरळ होते. ज्याचे पोट रोजच्या श्रमावर आहे त्याला वेतनाविना सभागृहात बसता येणार नाही आणि मग त्याला मिळालेला उमेदवारीचा हक्क कागदावरच राहील.

अमेरिकेतील काउंटीत निवडून आलेला अधिकारी पूर्ण वेळ काम करतो, म्हणून त्याला पगार असतो. पूर्वी तेथे शेरीफसारख्यांना प्रत्येक कामामागे फी मिळे : समन्स बजावले, इतके, अटक केली, इतके. अशा पद्धतीत जास्त कमाईसाठी जास्त अटका करण्याचा मोह होणार हे उघड आहे. म्हणून हळूहळू ठराविक पगाराची पद्धत आली. काही राज्यांत कायदेमंडळ लोकसंख्येच्या प्रमाणात किमान पगार ठरविते, काही ठिकाणी काउंटीचे मंडळ तो ठरविते. चालू मुदतीत पगार बदलू नये, असेही अनेक ठिकाणी बंधन आहे, म्हणजे वाढीचा लाभ घेण्यापूर्वी मतदारांपुढे जावे लागते.

आपल्याकडचे आकडे

कर्नाटकात २०२२ मध्ये ग्रामपंचायतीचे मानधन दुप्पट करण्यात आले. अध्यक्षाचे दरमहा ३,००० रुपयांचे ६,०००, उपाध्यक्षाचे २,००० चे ४,००० आणि सदस्याचे १,००० चे २,००० रुपये झाले. महाराष्ट्रात सरपंचाचे मानधन गावच्या लोकसंख्येवर ठरते. २,००० पर्यंत लोकसंख्या, ८,००० पर्यंत आणि त्याहून अधिक, अशा तीन पायऱ्यांना २०१९ मध्ये अनुक्रमे ३,०००, ४,००० आणि ५,००० रुपये होते. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ते ६,०००, ८,००० आणि १०,००० झाले. उपसरपंचाला २,०००, ३,००० आणि ४,००० रुपये ठरले.

दुप्पट हा शब्द ऐकावयास मोठा वाटतो. परंतु एक साधे गणित करून पाहा. २०२२-२३ मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३०९ रुपये होती. म्हणजे सदस्याचे महिन्याचे २,००० रुपये म्हणजे जेमतेम साडेसहा दिवसांची मजुरी. सदस्याने महिन्यात पंचायतीची सभा, ग्रामसभेची तयारी, तालुक्याला दोन खेपा आणि घरकुलाच्या यादीसाठी वाड्यावस्त्यांवर फिरणे इतके केले तरी तेवढे दिवस सहज जातात. एसटीचे किंवा टमटमचे भाडे वेगळे. ज्याची शेती गडी पाहतात त्याला हे परवडते. ज्या बाईला त्या दिवशी कांदा काढणीला किंवा मिरची तोडणीला गेल्याशिवाय संध्याकाळचे भागत नाही, तिला ते परवडत नाही. कर्नाटकात २०१० पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आरक्षणाने तिला जागा दिली. त्या जागेवर बसून राहण्यासाठी लागणारा दिवस मात्र तिने आपल्या मजुरीतून काढावा, अशी आपली अपेक्षा आहे. मग ती सभेला येत नाही, तिच्याऐवजी पती किंवा दीर येतो आणि आपण म्हणतो की स्त्रियांना राजकारणात रस नाही !

त्याच कार्यालयात बसणाऱ्या पंचायत विकास अधिकाऱ्याला सरकारी वेतनश्रेणी, महागाई भत्ता आणि रजा असते. हे योग्यच आहे, कारण ती त्याची नोकरी आहे. पण अध्यक्षाने त्याच्या कामावर देखरेख करावी अशी कायद्याची कल्पना आहे, आणि दोघांच्या मोबदल्यात इतके अंतर असले की देखरेख कोण कोणावर करतो हे सांगणे कठीण होते.

कोण ठरवितो, हा खरा प्रश्न

मानधनाच्या रकमेपेक्षाही ते ठरविण्याची रीत अधिक बोलकी आहे. राज्यघटनेच्या १०६ व्या अनुच्छेदानुसार खासदारांचे वेतन संसद ठरविते आणि १९५ व्या अनुच्छेदानुसार आमदारांचे वेतन विधिमंडळ ठरविते. १९५४ साली खासदाराला महिना ४०० रुपये वेतन होते. २०१८ मध्ये ते एक लाख झाले आणि महागाईशी जोडले गेले, त्यानुसार एप्रिल २०२३ पासून ते १,२४,००० रुपये धरण्यात आले. कर्नाटकाच्या विधिमंडळाने मार्च २०२५ मध्ये आमदाराचे मूळ वेतन ४०,००० वरून ८०,००० करणारे विधेयक संमत केले. भत्ते त्याखेरीज आहेत. ग्रामपंचायतीच्या सदस्याला मात्र असा अधिकार नाही. त्याचे मानधन राज्य सरकार ठरविते आणि महागाईशी त्याचा आपोआप संबंध नाही. त्यामुळे वाढीसाठी मोर्चा आणि निवेदन हाच त्याचा मार्ग राहतो. वरच्या सभागृहात बसणारे आपल्या ताटात आपणच वाढून घेतात आणि पंगतीच्या शेवटी बसलेल्याने वाढप्याची वाट पाहावी, अशी ही स्थिती आहे.

याउलट एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मानधन वाढविले तर पंचायत हा धंदा होईल, सेवाभाव नाहीसा होईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पदाचा लाभ आणि पदाची निष्ठा यांत विरोध येऊ शकतो, हे ओळखूनच राज्यघटनेने लाभाच्या पदाची तरतूद केली आहे. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभेचे सदस्यत्व याच कारणाने गेले. उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदाला महिना ५,००० रुपये मानधन आणि काही सवलती होत्या. रक्कम प्रत्यक्ष घेतली की नाही हे महत्त्वाचे नाही, पदातून लाभ होऊ शकतो एवढे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मानधन हे नाव दिल्याने पैशाचे स्वरूप बदलत नाही, हा त्यातील धडा आहे.

परंतु तोच धडा उलट बाजूनेही वाचला पाहिजे. मानधन हे नाव दिल्याने पोटाची गरजही नाहीशी होत नाही. अपुऱ्या मानधनामुळे सेवाभाव वाढतो याला अनुभवाचा आधार नाही. दोन गोष्टी मात्र होतात. एक तर पंचायत घरचे बरे असलेल्यांच्या हाती जाते. किंवा निवडणुकीत केलेला खर्च आणि बुडालेले दिवस यांची भरपाई ठेकेदाराच्या टक्केवारीतून होऊ लागते. उघड, ठरलेले आणि वेळेवर मिळणारे मानधन हे भ्रष्टाचारावरचे औषध आहे असे कोणी म्हणणार नाही, पण ते नसेल तर प्रामाणिक राहणे हीदेखील श्रीमंतांची चैन होऊन बसते.

आपण काय विचारावे ?

या दोन कागदांना एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रमाणपत्र हे मतदाराने दिलेल्या निर्णयाची पोच आहे आणि मानधन हे त्या निर्णयाप्रमाणे काम करता यावे म्हणून केलेली तरतूद आहे. पहिले मिळून पहिली सभा महिनोन् महिने भरली नाही, किंवा दुसरे इतके तुटपुंजे असले की गरिबाला पदावर टिकता येऊ नये, तर दोन्ही वेळा मतदाराचाच हक्क कापला जातो. तेव्हा निकाल लागल्यापासून ठराविक दिवसांत पहिली सभा भरलीच पाहिजे, अशी कालमर्यादा शहरांच्या बाबतीतही कटाक्षाने पाळली जावी. आरक्षणाचे तक्ते मतदानापूर्वीच अंतिम व्हावेत. आणि सदस्याचे मानधन निदान त्या वर्षाच्या मजुरीच्या दराशी जोडले जावे, म्हणजे ते दरवर्षी मागावे लागणार नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने यात काय करावे ? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत आहे आणि एकवीस वर्षे पूर्ण झाली की पंचायतीची किंवा महापालिकेची निवडणूक लढविता येते. म्हणजे पदवीच्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी या दोन्ही कागदांचा धनी होऊ शकतो. सुट्टीत गावी गेल्यावर ग्रामसभेला जावे. आपल्या प्रभागाचा किंवा गावचा प्रतिनिधी कधी निवडून आला, पहिली सभा कधी भरली, त्याला मानधन किती व किती महिन्यांचे मिळाले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून लेखी अर्ज करता येतो. निवडून आलेल्या माणसाकडून हिशेब मागणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच, पण त्याला काम करण्यास आसन व साधन मिळाले की नाही हे पाहणे हेही त्याच कर्तव्यात येते.